आयरिश पब, इराण्याचं हॉटेल आणि विहाराची किल्ली

पुण्या-बंगळुरूला नोकरीसाठी गेलेले आपले अकोला-अमरावतीचे पोट्टे सुट्टीत घरी आले की आयरिश पबच्या गोष्टी सांगतात. लाकडी काउंटर, भिंतीवर जुने फोटो, मंद दिवे. आणि मुख्य म्हणजे, "तिथं कोणी आडनाव विचारत नाही." हे ऐकलं की घरातली वडीलधारी मंडळी बावीस प्रतिज्ञा आठवून देतात आणि विषय तिथंच संपतो. दारूबद्दल वडीलधाऱ्यांचं बरोबरच आहे. पण पोरं दारूपेक्षा आडनावाबद्दल बोलत असतात, ते कोणी ऐकून घेत नाही.

'पब' म्हणजे पब्लिक हाऊस, सार्वजनिक घर. सार्वजनिक म्हणजे नेमकं कोण, या प्रश्नावर तर आपला महाडचा सत्याग्रह उभा आहे. म्हणून पबचा इतिहास आपण आपल्या नजरेनं वाचला पाहिजे.

आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक सडत गेलं. इंग्रजांचं राज्य होतं, आणि लोक उपाशी मरत असताना देशातून धान्य बाहेर जात होतं. सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. १८५५ साली न्यूयॉर्क शहरातला दर चौथा माणूस आयर्लंडमध्ये जन्मलेला होता. नोकरीच्या जाहिरातींत 'आयरिश माणसानं अर्ज करू नये' असं उघड छापलं जाई. अशा शहरात बोटीवरून उतरलेला मजूर जाणार कुठं? तो आपल्या माणसाच्या दारूच्या गुत्त्यात जाई. गावाकडचं पत्र त्याच पत्त्यावर येई. कोणत्या धक्क्यावर हमाली आहे, कुठं खोली मिळेल, हे तिथंच कळे. कोणी मेलं तर मातीसाठी वर्गणी तिथंच जमे. युनियनच्या आणि पक्षाच्या बैठकाही तिथंच होत. पुढं न्यूयॉर्कच्या राजकारणावर टॅमनी हॉल या संघटनेचा वर्षानुवर्षे ताबा राहिला. तिचे वॉर्डावॉर्डातले कितीतरी कार्यकर्ते आणि नगरसेवक गुत्तेवालेच होते. ज्यांना नोकरी द्यायला कोणी तयार नव्हतं, त्यांनी बसायची एक जागा धरली आणि तिथून नगरपालिका काबीज केली.

पण या गोष्टीनं भारावून जाऊ नका. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या कॅम्डेन टाऊन, किलबर्न भागात आयरिश बांधकाम मजुरांचा पगार बऱ्याचदा पबमध्येच वाटला जाई. चेक वटवायचा तर आधी प्यायचं. आठवड्याची मजुरी काउंटरच्या या बाजूनं येई आणि त्या बाजूला जाई. आपल्याकडं ऊसतोडीच्या, वीटभट्टीच्या मुकादमाचा उचलीचा हिशोब ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. बायांसाठी तर जुन्या पबमध्ये 'स्नग' नावाची आडोशाची खोली असे. पुरुषांच्या सार्वजनिक घरात बाईनं पडद्याआड बसायचं. दारूविरुद्ध मोठी चळवळही आयरिश लोकांनीच केली. कॉर्क शहरात १८३८ साली फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी दारू सोडण्याची शपथ द्यायला सुरुवात केली आणि लाखोंनी ती घेतली. तेव्हा पब हीच आयरिश संस्कृती, असं कोणी सांगू लागलं तर ते अर्धवट आहे.

याहून वाईट गोष्ट पुढं आहे. १८६३ साली सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये दंगल झाली. तिच्यात आयरिश गरिबांचे जमाव काळ्या माणसांवर तुटून पडले, काळ्या अनाथ मुलांचा आश्रम जाळला गेला. ज्याला दारात अडवलं होतं, त्यानं आपल्या खालच्याला अडवलं. इंग्लंडमधल्या अनेक पबमध्ये १९६०च्या दशकापर्यंत काळ्या आणि भारतीय माणसांना आत घेत नसत, किंवा वेगळ्या खोलीत बसवत. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये इंडियन वर्कर्स असोसिएशननं त्याविरुद्ध लढा दिला, १९६५च्या फेब्रुवारीत माल्कम एक्स तिथं येऊन गेले. त्याच वर्षी सार्वजनिक ठिकाणच्या वर्णभेदाविरुद्ध तिथं पहिला कायदा झाला.

आता आपल्याकडं या. मुंबईत गेलेल्या आपल्या माणसाला पबच्या जवळची जागा कोणती होती? इराण्याचं हॉटेल. हे इराणीही परमुलखातून पोटासाठी आलेले. कोपऱ्यावरची जागा अशुभ म्हणून हिंदू व्यापारी घेत नसत, ती त्यांनी घेतली. संगमरवरी टेबल, ब्रून पाव, चहा. बाहेर ब्राह्मणाची खानावळ आणि हिंदू विश्रांतीगृह जात पाहत असताना इथं पैसे टाकले की कप मिळे. गिरणी कामगाराला हे केवढं वाटलं असेल!

तरीही इराण्याची आरती ओवाळण्याआधी बडोदा आठवा. १९१७ साली बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनहून शिकून बडोद्यात नोकरीला गेले. न्यूयॉर्कला नवल भथेना या पारशी मित्रासोबत ते विद्यार्थी वसतिगृहात राहिले होते. बडोद्यात मात्र पारशी नाव सांगून पारशांच्या सराईत राहावं लागलं, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढलं. इराणी आणि पारशी दोघंही जरथुष्ट्राचे अनुयायी. एकानं चहा दिला, दुसऱ्यानं काठी उगारली. म्हणजे दार उघडणं ही मालकाची मर्जी होती, गिऱ्हाइकाचा हक्क नव्हता.

तो हक्क संविधानानं दिला. कलम १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं अशी नावं घेऊन लिहिलेली आहेत. मूलभूत हक्कांच्या यादीत हॉटेल कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी १९५५चा अस्पृश्यता गुन्हे कायदा वाचावा. त्यात हॉटेलातली भांडी वापरू न देणं हासुद्धा गुन्हा आहे. कपबशीसाठी कायदा करावा लागलेला हा देश आहे.

वऱ्हाडचं दुखणं आणखी वेगळं. १९२३चा बोले ठराव मुंबई कौन्सिलचा होता. सरकारी खर्चानं बांधलेल्या विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या, असं तो म्हणत होता. आपण तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात, आपलं कौन्सिल नागपूरला. महाडकडं निदान कागद तरी होता. १९२७च्या नोव्हेंबरात बाबासाहेब अमरावतीच्या परिषदेला आले, तेव्हा अंबादेवी मंदिराचा प्रश्न त्या कागदाशिवाय लढला जात होता.

याच जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी मात्र कागदाची वाट पाहिली नाही. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्याला टेकायला जागा नाही, हे पाहून त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ मध्ये ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. दारूचा थेंब नसलेलं, परक्या गावातलं सार्वजनिक घर आपल्या वऱ्हाडी माणसानं उभं करून दाखवलं होतं.

पुण्यातला तो आयरिश पब याच्या पासंगालाही पुरत नाही. १९९०च्या दशकात गिनेस या बिअर कंपनीच्या पाठिंब्यानं डब्लिनच्या कंपन्या काउंटरपासून भिंतीवरच्या फोटोंपर्यंत आख्खे पब तयार करून जगभर पाठवू लागल्या. तिथं आडनाव विचारत नाहीत हे खरं, पण बिल विचारतात. महिन्याला आठ हजारांत एमपीएससीची तयारी करणारी पोरगी तिथं कशी बसणार?

अमरावती-अकोल्यात वस्तीगणिक आपली विहारं आहेत. मी ज्या वस्त्यांत काम करते, तिथली बरीचशी पौर्णिमा, रविवारची वंदना आणि जयंती सोडली तर कुलूपबंद असतात. किल्ली अध्यक्षांकडं, आणि अध्यक्ष लग्नाला गेलेले. धारणीहून अमरावतीला शिकायला आलेल्या कोरकू पोरासाठी अमरावती हेच परकं शहर आहे. खोली शोधताना त्यालाही आडनाव विचारतात. संध्याकाळी तो आपल्या विहाराच्या पायरीवर येऊन बसला, तर आपण त्याला आत बोलावतो की 'कोणाचा रे तू' म्हणून विचारतो? न्यूयॉर्कचे आयरिश याच ठिकाणी नापास झाले.

माझी मागणी साधी आहे. रोज संध्याकाळी सहा ते दहा विहार उघडं. पंखा, पाणी, तीन वर्तमानपत्रं, वायफाय, चहाची किटली. दारू-तंबाखू बंद. किल्ली महिला मंडळाकडं, म्हणजे पोरींनाही उशिरापर्यंत बसता येईल. दाराशी नोंदवही ठेवा, तिच्यात नाव आणि गाव एवढेच दोन रकाने. पुढच्या पौर्णिमेच्या बैठकीत हा विषय मांडा, आणि कमिटी काय म्हणाली ते कळवा. जय भीम.