आज्ञा की विनंती? जुन्या मराठी पत्रांतील क्रियापदे

१/८
इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन १९२६ साली धुळ्यास झाले. पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. जुन्या मराठी कागदांच्या अभ्यासकांना खानदेशातील हे स्थान सुपरिचित आहे.

२/८
‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड सिद्ध करणाऱ्या राजवाड्यांनी ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरणही लिहिले. ही दोन कामे परस्परांस पूरक आहेत. पत्रातील हुकूम ओळखायचा, तर आधी क्रियापद ओळखावे लागते.

३/८
बोलण्यात आज्ञा सोपी असते : ‘कर’, ‘करा’. वेंगुर्ल्यास वखार थाटणाऱ्या डचांच्या भाषेतही आज्ञेला नुसता धातू पुरतो. सार्वजनिक सूचना मात्र ‘धूम्रपान न करणे’ अशा धाटणीने लिहिली जाते.

४/८
मराठा दफ्तरातील आज्ञेची धाटणी हीच. हाताखालच्या अधिकाऱ्यास ‘पाठवणे’, ‘वर्तणूक करणे’, ‘न करणे’ असे लिहीत. आजच्या वाचकास हे वाक्य अपुरे वाटते. प्रत्यक्षात तो पुरता हुकूम असतो.

५/८
वरिष्ठाकडे मागणे असेल, तर ‘करावे’, ‘द्यावे’ ही रूपे येतात आणि शेवटी ‘हे विज्ञापना’. बरोबरीच्या माणसास ‘लोभ असो द्यावा, हे विनंती’. पसायदानातील मागणेही याच ‘-आवे’ रूपात आहे.

६/८
आज्ञापत्राच्या शेवटी ‘जाणिजे’ येते. हे जुने कर्मणी रूप. प्राकृतातील ‘-इज्ज’ प्रत्ययापासून आलेले. अर्थ : ‘जाणले जावे’. ‘तू जाण’ असे न म्हणताही हुकूम पोहोचतो.

७/८
या भेदाकडे दुर्लक्ष झाले, तर इतिहासच चुकतो. ‘करणे’ हे नाम समजले, तर हुकूम निसटतो. ‘हे विनंती’ शब्दशः घेतले, तर बरोबरीचा सरदार मांडलिक ठरतो. उलट, पत्राचा मायना फाटलेला असला, तरी लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातील पायरीचा अंदाज क्रियापदांवरून बांधता येतो. अर्थात तो इतर पुराव्याशी ताडून पाहावा लागतो.

८/८
‘जाणिजे’ दफ्तरातच राहिले. त्याचे भावंड मात्र रोज आपल्या तोंडी असते. ‘पाहिजे’ म्हणजे मुळात ‘पाहिले जाते’, त्यावरून ‘शोधले जाते’ आणि पुढे ‘हवे आहे’. जळगाव-धुळ्याच्या बाजारात ‘काय पाहिजे?’ असे विचारले जाते, तेव्हा आज्ञापत्रातील तोच प्रत्यय कानी पडतो.