अभियंत्याची परीक्षा: कागदावरची आणि कामावरची

अभियंता तयार झाला की नाही, हे कोणी ठरवायचे? शिकवणाऱ्याने, विद्यापीठाने, की नोकरी देणाऱ्याने? पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा इतिहास पाहिला तर या प्रश्नाचे उत्तर वेळोवेळी बदलत गेलेले दिसते.

१८५४ साली ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झाले, तेव्हा मुंबई विद्यापीठ स्थापन व्हायला तीन वर्षे होती. इमारती, धरणे, कालवे, रेल्वे व पूल या कामांसाठी दुय्यम कर्मचारी तयार करणे, एवढाच हेतू होता. शिकवणारे सरकार आणि कामावर घेणारेही सरकार. त्यामुळे खरी पारख अखेर बांधकामावरच व्हायची.

१८६६ मध्ये ही संस्था मुंबई विद्यापीठाला जोडली गेली आणि ‘एल.सी.ई.’ ही पदवी आली. आता निकालात क्रमांक लागू लागला आणि क्रमांकाला मोल आले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये या परीक्षेत पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले. लहानपणी वडील गेलेले, शिकवण्या करून शिकलेले, म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर पुण्याला आलेले. अशा तरुणाला वशिल्यावाचून ती जागा मिळाली, ती क्रमांकामुळे. लेखी परीक्षेवर टीका करताना तिचे हे ऋण विसरून चालणार नाही.

पण क्रमांकाला सगळेच मोजता येत नाही. विश्वेश्वरय्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक खानदेशात होते: पांझरा नदीच्या प्रवाहाखालून नळांचा सायफन नेण्याचे. पावसाळ्यात काम अडले. ते पुढे ढकलावे, असे त्यांनी वरिष्ठांना कळवले. वरिष्ठांना ते रुचले नाही. शेवटी त्यांनी काम पुरे केले. नदीचा अंदाज घेणे, वरिष्ठांना अडचण पटवणे, अडलेल्या कामातून वाट काढणे, यांचे गुण कोणत्या उत्तरपत्रिकेत द्यायचे?

ही उणीव भरून काढण्यासाठीच पुढे टर्मवर्क, प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षा रुळल्या. पण सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राची जर्नल उतरवून काढणारा विद्यार्थी महाराष्ट्रातल्या कोणत्याही वसतिगृहाला नवा नाही. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. ‘काय शिकवले’ यापेक्षा ‘विद्यार्थ्याला काय करता येते’ ते दाखवा, हा त्यामागचा आग्रह. हेतू १८५४ च्या जवळ जाणारा आहे. पण अनेक ठिकाणी त्याचे रूपांतर प्राध्यापकांनी रात्री जागून भरायच्या तक्त्यांत झाले. मोजमापाचे कागद वाढले म्हणजे मोजमाप सुधारले, असे होत नाही.

लेखी परीक्षेने दिलेला निःपक्षपातीपणा राखायलाच हवा. त्याच्या जोडीला तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकाने व्याख्या विचारण्याऐवजी एवढेच विचारावे: “प्रकल्पात तुझे काय चुकले, आणि ते तू कसे दुरुस्त केलेस?” उतरवलेल्या जर्नलमध्ये याचे उत्तर सापडत नाही.