मिरासदार, उपरी आणि क्लाउडचा परवाना

पेशवाईत नगर प्रांतात जमीन कसणारे मुख्यतः दोन : वंशपरंपरेचा मिरासदार आणि मुदतीच्या कौलावरचा उपरी. १९६९ साली आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी केली. पुढे तिथेही हेच दोन हक्क रूढ झाले. एकरकमी कायमचा परवाना ही मिरासी, क्लाउडची वर्गणी ही उपरीची वहिवाट. (मिरासदाराला सारा मात्र चुकत नसे, तुलना इथे लंगडी पडते.)

गोम स्थलांतरात आहे. मिरासी त्या गावच्या शिवारापुरतीच. १ ऑक्टोबर २०१९ नंतर घेतलेला मायक्रोसॉफ्टचा कायमचा परवानाही ॲमेझॉन वा गुगलच्या क्लाउडवर आपोआप जात नाही. ‘सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स’चा जादा करार आणि स्थलांतराचा हक्क, दोन्ही लागतात. पाथर्डीतील एखादी पतसंस्था क्लाउडवर निघाली, तर तिने आधी जुन्या पावतीवरची तारीख पाहावी.