डेटा जोडणीच्या चौकटीमागचा इतिहास

पॉवर बीआय किंवा टॅब्लो उघडून डेटाबेस जोडायला गेलात की एक छोटी चौकट समोर येते. सर्व्हरचे नाव, डेटाबेसचे नाव, वापरकर्ता, पासवर्ड आणि कुठेतरी कोपऱ्यात जोडणी एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय. प्रकल्पाच्या घाईत आपण ती भरतो आणि पुढे जातो. या चौकटीतले रकाने वेगवेगळ्या काळात आले आहेत, आणि सुरक्षिततेचे रकाने बहुतेक उशिरा, काही तर दणका बसल्यावर. हा क्रम एकदा लक्षात आला की कोणता पर्याय का निवडायचा हे पाठ करावे लागत नाही.

‘बिझनेस इंटेलिजन्स’ हा शब्दप्रयोग आपल्याला नवा वाटतो. पण आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये याच नावाच्या यंत्रणेवर लेख लिहिला होता. संस्थेत येणारे दस्तऐवज ज्या विभागाला उपयोगी असतील त्यालाच आपोआप पोहोचवायचे, ही त्यांची कल्पना. म्हणजे ‘कोणती माहिती कोणाला’ हा प्रश्न मुळापासूनच होता. पुढची काही दशके मात्र ‘माहितीपर्यंत पोहोचायचे कसे’ यातच गेली. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडले, त्यातून एसक्यूएल आली. तरीही प्रत्येक कंपनीच्या डेटाबेसची जोडणीची पद्धत वेगळीच होती. दहा प्रोग्राम आणि पाच डेटाबेस असतील तर पन्नास जोडण्या लिहा!

१९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी आणले आणि हा गुंता सुटला. प्रोग्रामने ओडीबीसीशी बोलायचे, आणि त्या त्या डेटाबेसचा ड्रायव्हर पुढचे पाहील. जोडणीच्या तपशिलाला एक नाव द्यायचे, त्याला डीएसएन म्हणतात. सोय मोठी झाली, पण कनेक्शन स्ट्रिंगमध्ये पासवर्ड सरळ वाचता येईल असा लिहिण्याची सवयही याच काळात रुळली. तेव्हा सर्व्हर आणि वापरणारे एकाच इमारतीत असत. आतला माणूस म्हणजे विश्वासाचा, असे गृहीत होते. एसक्यूएल सर्व्हरच्या लॉगिन संदेशात पासवर्ड कसा जाई ते पाहा: प्रत्येक बाइटचे दोन अर्धे अदलाबदल करायचे आणि एका ठरावीक, सर्वांसाठी एकाच असलेल्या संख्येशी एक्सऑर करायचे. तुमच्यापैकी कोणीही हे चार ओळींच्या प्रोग्रामने उलगडू शकेल. याला एन्क्रिप्शन म्हणत नाहीत, पडदा म्हणतात.

इंटरनेट आल्यावर इमारतीची भिंत उरली नाही. मे २००२ मध्ये स्पिडा नावाचा वर्म पसरला. त्याची युक्ती हास्यास्पद वाटावी इतकी साधी होती. पोर्ट १४३३ वर ऐकणारे एसक्यूएल सर्व्हर शोधायचे आणि ‘एसए’ या सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड रिकामा आहे का ते पाहायचे. रिकामे पासवर्ड ठेवणारे कमी नव्हते. पुढच्याच जानेवारीत, २५ तारखेला, स्लॅमर आला. ३७६ बाइटचा हा प्रोग्राम, त्याला पासवर्डची गरजच नव्हती. मेमरी हाताळणीतल्या एका चुकीचा फायदा घेऊन त्याने काही मिनिटांत जगभर हजारो यंत्रे गाठली. अमेरिकेत एका मोठ्या बँकेची एटीएमसुद्धा अडली. दुरुस्ती सहा महिन्यांपूर्वीच उपलब्ध होती. मग ती बसवली का नाही? एक कारण मला फार बोलके वाटते. डेटाबेसची लहान आवृत्ती इतर सॉफ्टवेअरबरोबर गुपचूप येत असे, त्यामुळे आपल्या यंत्रावर डेटाबेस आहे हेच अनेकांना ठाऊक नव्हते. २००५ च्या आवृत्तीपासून एसक्यूएल सर्व्हर निदान लॉगिनचा संदेश तरी एन्क्रिप्ट करू लागला.

वाट सुरक्षित झाली तरी लून यांचा प्रश्न उरतोच. अहवाल पाहणारी व्यक्ती अहवालाच्या सर्व्हरवर लॉगिन करते, आणि तो सर्व्हर पुढे डेटाबेसकडे जातो. जुन्या विंडोज पद्धतीत व्यक्तीची ओळख या दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचत नसे. याला ‘डबल हॉप’ची अडचण म्हणतात. एमआयटीत जन्मलेल्या केर्बेरॉसने ओळख पुढे सोपवण्याची सोय दिली आणि विंडोज २००० ने ती स्वीकारली. पण ती बसवणे किचकट, म्हणून अनेक ठिकाणी सर्वांसाठी एकच सामायिक खाते वापरले गेले. परिणाम असा, की डेटाबेसच्या नोंदीत सगळ्या विचारणा एकाच नावावर. पगाराचा तक्ता कोणी उघडला, याचे उत्तरच नाही. ओळींच्या पातळीवर परवानगी देण्याची सोय ओरॅकलमध्ये १९९९ च्या सुमारास आली. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर यांच्यात ती २०१६ मध्ये आली. सामायिक खाते असेल तर मात्र मूळ वापरकर्ता कोण हे डेटाबेसला वेगळे कळवावे लागते, नाहीतर ही सोय निरुपयोगी ठरते.

क्लाउडमधल्या साधनांनी दिशाच उलटवली. पॉवर बीआयचा गेटवे तुमच्या नेटवर्कमध्ये बसतो आणि स्वतःच बाहेर जोडणी करतो, म्हणून बाहेरून आत येणारे पोर्ट उघडावे लागत नाही. स्लॅमरच्या काळातली मोठी फट यामुळे बुजते. गेटवेत साठवलेले खाते जर सर्वाधिकारी असेल, तर मात्र फार काही मिळवले नाही. त्याला फक्त वाचण्याचा, तोही लागणाऱ्या तक्त्यांपुरताच, अधिकार द्या.

आता कोपऱ्यातल्या त्या पर्यायाकडे या. एसक्यूएल सर्व्हरच्या ओडीबीसी ड्रायव्हरमध्ये एन्क्रिप्शन आपोआप चालू झाले ते आवृत्ती १८ मध्ये, म्हणजे २०२२ साली. ओडीबीसीनंतर तीस वर्षांनी. त्यानंतर अनेकांच्या चालू जोडण्या प्रमाणपत्राच्या त्रुटीने अडल्या, आणि लोकांनी झटपट उपाय शोधला: ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट’ला ‘यस’ म्हणायचे. याचा अर्थ असा, की पाकीट सीलबंद आहे, पण ते घेणारा कोण हे विचारलेच नाही. पोस्टग्रेसच्या ‘प्रेफर’ या मूळ पर्यायातही प्रमाणपत्र तपासले जात नाही. त्यासाठी ‘व्हेरिफाय-फुल’ स्वतः लिहावे लागते. तुमच्या प्रकल्पाची कनेक्शन स्ट्रिंग आज उघडा आणि तिथे काय लिहिले आहे ते पाहा.