नास्तिक व अज्ञेयवादी : ओळख आणि नोंद

ईश्वर नाही असे मानणारा तो नास्तिक. ईश्वर आहे की नाही हे माणसाला कळणे शक्य नाही, असे म्हणून निर्णयच न देणारा तो अज्ञेयवादी. अज्ञेयवादाला आजचे इंग्रजी नाव टॉमस हक्स्ली या जीवशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये दिले. भारतातील निरीश्वर विचार त्याहून कितीतरी जुना. लोकायतांचे किंवा जैनांचे जग कर्त्यावाचून चालते. प्रस्तुत नोंद दर्शनांची नाही. स्वतःला उघडपणे असे म्हणवणारा माणूस आणि कागदोपत्री त्याला मिळणारी जागा, एवढाच तिचा विषय आहे.

महाराष्ट्रात या भूमिकेचे पहिले ठळक नाव गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) यांचे. मिल आणि स्पेन्सर वाचून घडलेल्या आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढले आणि देवकल्पनेची चिकित्सा भर बाजारात आणली. पुण्याच्या सनातन्यांनी ते हयात असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. घरात मात्र पत्नी यशोदाबाईंच्या धर्माचाराला त्यांनी आडकाठी केली नाही.

ही घरगुती तडजोड आजही तशीच चालू आहे. आईचा सत्यनारायण होतो, नास्तिक मुलगा पाहुण्यांना चहा देतो, शिरा आवडीने खातो आणि आरतीच्या वेळी बाहेरच्या खोलीत जाऊन बसतो. ‘आमच्यात करतात, मी करत नाही’ हे त्याचे ठरलेले उत्तर. नोंदणी विवाह घरच्यांच्या गळी एक वेळ उतरतो, दहावा-तेरावा न करणे सहसा उतरत नाही. त्यामुळे काही जण देहदानाचा अर्ज भरून ठेवतात. पण देह वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचवायचा तो नातेवाइकांनीच. त्यांनी मनावर घेतले नाही, तर अर्ज कपाटातच राहतो.

अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारा प्रत्येक जण नास्तिक असतो, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. नरेंद्र दाभोलकर स्वतः नास्तिक होते. त्यांनी १९८९ मध्ये उभ्या केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने मात्र देवाधर्माला विरोध ही आपली भूमिका कधी मानली नाही. याउलट श्रीराम लागूंनी ‘देवाला रिटायर करा’ असे थेटच लिहिले आणि त्यावर बरेच वादळ उठले.

कायद्याच्या बाजूने पाहता, १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी इत्यादी कोणताही धर्म पाळत नाही, असे लिहून द्यावे लागे. हा कायदा झाला तो ब्राह्मो समाजाच्या खटपटीमुळे, म्हणजे पक्क्या ईश्वरवाद्यांमुळे! १९५४ च्या कायद्याने ती अट काढली. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कोणत्याही शासकीय अर्जात धर्म सांगण्याची सक्ती करता येणार नाही आणि ‘धर्म नाही’ असे सांगण्याचा हक्क संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदातील सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यात येतो. तेथेही याचिका करणारे येशूवर श्रद्धा असलेलेच होते. त्यांना ख्रिस्ती धर्माचा शिक्का तेवढा नको होता.

एवढे होऊनही व्यक्तिगत कायदा जन्माला चिकटलेला राहतो. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वा ज्यू नसलेल्या जवळपास सर्वांना लागू होतात. त्यामुळे हिंदू घरातला नास्तिक वाटणीच्या दाव्यात हिंदूच ठरतो. न्यायालयात साक्ष देताना मात्र ईश्वराची शपथ न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करण्याची मुभा त्याला आहे.

२०११ च्या जनगणनेत नास्तिक अशी नोंद झालेले देशभरात सुमारे ३३ हजार निघाले. त्यांपैकी साडेनऊ हजारांहून अधिक महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. आकडा फारसा विश्वसनीय मानू नये. प्रगणक दारात उभा राहून घरातल्या एकाला विचारतो आणि सगळ्यांचा धर्म एकाच उत्तरावर भरला जातो.