भट्टीकडून घराकडे : गोंदिया परिसरातील घरगुती बिस्किटधंद्याची पूर्वपीठिका

1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या गोंदिया जिल्ह्यात नानकटाई, कुकीज आणि बिस्किटे घरी भाजून विकण्याचा व्यवसाय नवा समजला जातो. भाजण्याच्या तंत्रापुरते ते खरे आहे. परंतु घरच्या ओसरीत बसून बाजारासाठी माल तयार करण्याची रीत येथे कित्येक पिढ्यांची आहे, आणि तिचा विचार केल्याशिवाय या नव्या धंद्याचे मर्म उलगडत नाही.

गोंदिया ज्या झाडीपट्टीत मोडतो, ती म्हणजे पूर्व विदर्भाचा जंगल, तलाव आणि धानाचा मुलूख. येथील स्वयंपाकघरात चूल, तवा आणि कढई होती, परंतु बंद पोकळीतील कोरड्या उष्णतेवर पदार्थ भाजणारी भट्टी नव्हती. अनरशासाठी तांदूळ तीन दिवस भिजवून, सावलीत वाळवून, कुटून गुळात मुरवले जात आणि ते तुपातेलात तळले जात. गोडधोडाची जवळजवळ सारी परंपरा अशी तळण्याची, उकडण्याची किंवा तव्यावरची होती. नानकटाई आली ती बाहेरून. तिची जन्मकथा सुरतेतील डच वखारीच्या बेकरीशी आणि ती पुढे चालवणाऱ्या पारशी कुटुंबाशी जोडून सांगितली जाते. 1937 साली डालडा बाजारात आल्यावर तुपाला स्वस्त पर्याय मिळाला, आणि मैदा, पिठीसाखर व वनस्पती तूप ही त्रयी मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात आली.

तरीही भाजण्याचे काम घराबाहेरच राहिले. महाराष्ट्रातील गावोगावच्या बेकऱ्यांत दिवाळीपूर्वी किंवा उन्हाळ्याच्या सुटीत कुटुंबे आपला मैदा, साखर आणि तूप घेऊन जात, कारागीर ते मळून देत आणि भाजलेली बिस्किटे पत्र्याच्या डब्यात भरून घरी आणली जात. मोबदला भाजणावळीचा, म्हणजे किलोमागे ठरलेल्या मजुरीचा असे. लाकडावर तापणाऱ्या भट्टीत पाव आधी, कडक आचेवर भाजला जातो आणि आच उतरल्यावर बिस्किटांची पाळी येते, कारण लोणी-साखरेचे पीठ तीव्र आचेवर बाहेरून करपते आणि आतून कच्चे राहते. या व्यवहारात जिन्नस घरचा आणि भट्टी परक्याची असे, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण याच प्रदेशातील दुसऱ्या, कितीतरी मोठ्या गृहोद्योगात नेमकी उलटी मांडणी होती.

तो उद्योग विडीचा. 1880 च्या दशकात नागपूर–छत्तीसगड रेल्वेने आणि पुढे बंगाल–नागपूर रेल्वेने गोंदिया देशाच्या बाजारपेठांना जोडले. विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरकडे जाणारा अरुंदमापी मार्गही येथून निघाला. आजूबाजूच्या जंगलात तेंदूची पाने विपुल होती, तंबाखू रेल्वेने येई, गुजरातेतून आलेल्या पटेल व्यापाऱ्यांपाशी भांडवल होते आणि धानाची शेती वर्षातील काही महिनेच काम देत असल्याने हात मोकळे होते. कारखानदाराचा ठेकेदार पाने, तंबाखू आणि धागा मोजून देई. स्त्रिया घरी पाने भिजवून, पत्र्याच्या मापाने कातरून विड्या वळत आणि दर हजारी मजुरीने त्या परत देत. ठेकेदार सदोष ठरवील त्या विड्या छाट म्हणून बाजूला पडत व त्यांची मजुरी बुडे, आणि पाने कमी पडली तर ती पदरमोड करून घ्यावी लागत. घर तिचे, हात तिचे, पण माल, माप आणि भाव हे तिन्ही दुसऱ्याचे, अशी ही रचना होती.

संसदेने 1966 साली विडी व सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा केला आणि घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले. कच्चा माल किती दिला आणि विड्या का नाकारल्या, यावरील तंटे सोडविण्याची तरतूदही त्यात होती. मंगळूरच्या एका विडी कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये हा कायदा वैध ठरवला. घर हेही कामाचे ठिकाण असू शकते, ही मान्यता भारतीय कायद्यात मुख्यतः विडी वळणाऱ्या स्त्रियांमुळे रुजली, आणि या स्त्रियांचे हे ऋण पुरेसे मोजले गेलेले नाही.

स्वतःच्या मालकीच्या गृहोद्योगाचा नमुना तोवर मुंबईत उभा राहिला होता. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात स्त्रियांनी 80 रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटण्यास प्रारंभ केला आणि त्यातून लिज्जत ही संस्था वाढली. तेथेही पीठ मोजून दिले जाते, परंतु पापड लाटणारी स्त्री संस्थेची सहमालक असते. पूर्व विदर्भात असे भांडवल उभे राहण्यास बचत गटांची वाट पाहावी लागली. बचत गट म्हणजे दहा ते वीस स्त्रियांनी दरमहा ठरावीक रक्कम साठवून आपापसांत कर्ज देण्याची व्यवस्था. राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने, म्हणजे नाबार्डने, 1992 पासून असे गट बँकांशी जोडले, 1975 साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे माविमने, त्यांची लोकसंचालित साधन केंद्रे, म्हणजे गटांचे संघ, उभी केली आणि 2011 पासून राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नतीच्या उमेद अभियानाने हे काम गावोगाव नेले. विजेची छोटी भट्टी घरात आली ती या पतपुरवठ्यामुळे आणि भारनियमन ओसरल्यामुळे. चार-चार तास वीज जाण्याच्या काळात अर्धवट भाजलेला ट्रे फेकूनच द्यावा लागे.

धंदा वाढवण्याचा प्रश्न मात्र भट्टीने सुटत नाही. मैद्याच्या साध्या बिस्किटात घरगुती उत्पादकाला मोठ्या कंपनीच्या पाच रुपयांच्या पुड्याशी भावात टक्कर देता येत नाही, म्हणून स्थानिक जिन्नस हाच आधार उरतो. गोंदियातील भातगिरण्यांत तांदळाबरोबर निघणारी कणी, म्हणजे तुटलेला तांदूळ, स्वस्त असते. तिच्या पिठात ग्लुटेन हे चिकट प्रथिन नसल्याने ते मैद्यात मिसळले की नानकटाई अधिक खुसखुशीत होते. दुसरा जिन्नस म्हणजे मोहफुले. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे वेचून वाळवलेल्या या गोड फुलांना मुंबई दारूबंदी कायदा, 1949 याने दारूचा कच्चा माल मानून जखडले होते आणि हा कायदा पुढे विदर्भालाही लागू झाला. राज्य शासनाने 2021 मध्ये हे निर्बंध शिथिल केल्यानंतर मोहफुलांचे लाडू आणि बिस्किटे उघडपणे बाजारात नेणे सोपे झाले. जे फूल आदिवासी घरांत अन्न होते त्याला इतकी दशके केवळ गुन्ह्याच्या नजरेने पाहिले गेले, हा अन्यायच म्हणावा लागेल.

किंमत ठरविताना विडीचा वारसा अजून आड येतो. दर हजारी मजुरीची सवय जडलेल्या घरांत पीठ, तूप, वीज आणि पुडा यांचा हिशेब चोख होतो, परंतु स्वतःचे तास खर्चात धरले जात नाहीत, आणि मागणी वाढली की नफ्याऐवजी दमणूक वाढते. दुसरीकडे, सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 साली आलेल्या केंद्रीय योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत अनुदान आणि बचत गटाच्या सदस्येला 40 हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल देण्याची तरतूद करण्यात आली. अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांनी वार्षिक 12 लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या घरगुती उत्पादकाला वर्षाला 100 रुपयांत नोंदणी खुली केली. विडीच्या कट्ट्यावर, म्हणजे जुडीवर, कारखानदाराचा छाप असे आणि ती वळणारीचे नाव कोठेही नसे; बिस्किटांच्या पाकिटावर मात्र नोंदणीच्या चौदा अंकांसोबत बनवणाऱ्याचे नाव आणि पूर्ण पत्ता छापणे बंधनकारक आहे.