नुंगंबाक्कमचे हरवलेले तळे

चेन्नईत किती पाऊस पडला हे वर्तमानपत्रात पाहू गेल्यास नुंगंबाक्कम हे नाव हटकून भेटते. आज हा भाग दुकानांनी आणि कचेऱ्यांनी गजबजलेला आहे. परंतु तीन शतकांपूर्वी ते सेंट जॉर्ज किल्ल्याच्या नैर्ऋत्येस वसलेले, तळ्याकाठचे एक खेडे होते.

या खेड्याचे दैव पालटले ते राजकारणाने. आणि त्या राजकारणाचा एक धागा आपल्या इतिहासातूनही जातो. छत्रपती राजारामांनी ज्या जिंजीचा आश्रय घेतला, ती दीर्घ वेढ्यानंतर १६९८ साली मोगलांच्या हाती पडली. त्या मोहिमेतील सरदार दाऊदखान पन्नी पुढे कर्नाटकचा नवाब झाला. १७०२ साली त्याने मद्रासला वेढा घातला. आणि १७०८ साली त्यानेच नुंगंबाक्कमसह पाच गावे इंग्रजांच्या कंपनीस दिली. नंतरच्या नवाबाने ती परत मागितली, तेव्हा कंपनीने १७१७ च्या बादशाही फर्मानाचा आधार घेतला. या देवघेवीत गावकऱ्यांस कोणी विचारल्याचे दिसत नाही.

पुढे गोऱ्या अधिकाऱ्यांचे बागबंगले येथे उठले. १७९२ साली मायकेल टॉपिंगच्या आराखड्याप्रमाणे वेधशाळा उभी राहिली. हिंदुस्थानातील आगगाड्या कित्येक वर्षे ज्या मद्रास वेळेवर धावल्या, ती वेळ याच खेड्यात ठरत असे. येथेच रघुनाथाचारी यांनी १८६७ साली एका रूपविकारी ताऱ्याचा शोध लावला.

पण गावाचा खरा आधार होते ते तळे. बांध घालून पावसाचे पाणी अडवावे आणि त्यावर भात पिकवावे, ही तमिळ खेड्यांची जुनी रीत. अशा तळ्यास तेथे 'एरी' म्हणतात. शहर वाढले तशी शेती गेली, आणि शेती गेल्यावर तळे ही केवळ रिकामी जागा ठरली. शेजारच्या मांबळमचे तळे १९२३ पासून बुजवून त्यागरायनगर वसविले गेले. नुंगंबाक्कमच्या तळ्याच्या जागी १९७६ साली वळ्ळुवर कोट्टम उभे राहिले.

२०१५ च्या नोव्हेंबरात नुंगंबाक्कम येथे एक हजार मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली, आणि शहर पाण्याखाली गेले. पावसाचा हिशेब ठेवणारे गाव उरले. पाऊस साठविणारे मात्र उरले नाही. ताम्रपट आणि फर्माने जपणाऱ्या इतिहासाने गावची तळीही जपावयास हवी होती, एवढेच या लहानशा खेड्याचे सांगणे आहे.